घंटेतलं गवत

त्या सकाळी माझा भाऊ गाडीपाशी येऊन उभा राहिला आणि मला चाहूलसुद्धा लागली नाही.

आता यात काय एवढं, असं कुणाला वाटेल. पण पारमुआत, माझा हा भाऊ, मोरान आहे, तरणा लढवय्या. आमच्या मासाई लोकांत पोराच्या हातात भाला आला, केस वाढवून त्यांना गेरू लागला, की उजव्या मांडीला घंटा येते. तो चालला की ती वाजते. आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणते, आला गं. पोरी काही काम नसताना कुंपणाबाहेर येतात. कॅम्पवरचा आचारी चहाला आधण ठेवतो. पारमुआतची घंटा तर टेकाडापलीकडून ओळखू यायची. आणि त्या दिवशी मी गाडीत पाणी ओतून मागं वळते, तर हा लाल शुका पांघरून अगदी पाठीशी उभा. हातातला डबा माझ्या पायावर पडला.

"घंटा कुठाय तुझी?" मी पाय चोळत विचारलं.

"आहे की."

होती. मांडीलाच होती. पण तिच्या तोंडात गवत कोंबलेलं होतं, आतली लोळी हलूच नये इतकं गच्च.

"हे काय?"

"पाहुण्यांना त्रास होतो आवाजाचा. त्या डच बाईंचं डोकं दुखतं म्हणे."

डच बाई आणि तिचा नवरा आदल्या संध्याकाळी उतरले होते. तेव्हा हा वस्तीवर होता. बाईच्या डोक्याची बातमी वस्तीवर कुणी नेली? माझा नवरा किलेसी म्हणतो, तुला चहा दिला तरी तू आधी वास घेतेस. घेते बाई. आमच्या कामात वास न घेणाऱ्याला म्हैस शिंगावर घेते. मी, सिलांतोई, या सफारी कॅम्पवरची एकटी बाई गाइड. गाडी मी चालवते, पारमुआत शेजारी बसून माग काढतो. त्याला हे काम मीच मिळवून दिलं, म्हणून त्याच्याकडं माझे दोन्ही डोळे असतात.

आणि त्या गवतावर माझी नजर अडकली होती. पाऊस लांबला होता. गुरांनी आणि झेब्र्यांनी मिळून रान असं खरवडलं होतं की जमिनीला टक्कल पडलं होतं. ओढ्याकाठीसुद्धा बोटभर पातं नव्हतं. मग याच्या घंटेत हे मऊ, हिरवट गवत आलं कुठून? कुठंतरी पाणी मुरतंय, एवढं मला गाडी सुरू करतानाच कळलं.

पाहुण्यांना सिंह हवा होता. सगळ्यांना तोच हवा असतो. आमच्याकडं त्या वेळी एक मोठा नर होता. आयाळ मानेपासून पोटापर्यंत काळी, म्हणून आम्ही त्याला काळ्याच म्हणायचो. बाभळीच्या ओढ्यात त्याचा मुक्काम असायचा. पारमुआत त्याला चिखलातल्या एका ठशावरून ओळखायचा. त्याच्या डाव्या पुढच्या पायाचं एक बोट तिरकं पडतं, हे त्यानंच मला दाखवलं होतं.

ओढ्याच्या अलीकडं मी वेग कमी केला, तसा पारमुआत म्हणाला, "इथं नको. नदीकडं घे."

"का?"

"काळ्या नदीपार गेला. कालच."

"तू कधी बघितलंस?"

"सिरोंकानं बघितलं." सिरोंका हा त्याचा जिवाभावाचा सोबती. दोघांना एकाच दिवशी भाला मिळाला.

मी गाडी थांबवली. "उतरून बघ तरी."

तो उतरला. धुळीत वाकला, इकडंतिकडं बघितलं आणि मान हलवली. मीही दारातून वाकले. त्याच्या पायापाशी ठसा होता. कडा अजून ढासळल्या नव्हत्या, म्हणजे पहाटेचा. तिरकं बोट मला इतक्या लांबून दिसलं. तोंड ओढ्याकडं होतं. आणि माझ्यादेखत माझ्या भावानं त्याची टायरची चप्पल त्या ठशावर ठेवली आणि टाच फिरवली.

"काही नाही," तो म्हणाला आणि गाडीत येऊन बसला.

मागून बाईनं विचारलं, "काही सापडलं का?" तिचं नाव आनेके. पांढरे केस, डोळे मात्र घारीचे. तिनंही टाच फिरताना बघितली असणार.

"नाही," मी म्हणाले. "हत्ती बघू या."

हत्ती भेटले. दहाबारा माद्या पिल्लांना मधोमध घेऊन धुळीत न्हात होत्या. एकीला आम्ही आवडलो नाही. तिनं कान पसरले, सोंड वळवली आणि डोकं हलवत थेट आमच्या चाकापर्यंत धावत आली. आनेकेच्या नवऱ्यानं देवाचं नाव घेतलं. मी इंजिन बंदच ठेवलं. नुसती धमकी होती, खरी आली असती तर कान मागं दुमडले असते. ती थांबली, आमच्यावर धूळ उडवली आणि मोठ्या तोऱ्यात परत गेली. अशा वेळी पारमुआत खदखदून हसतो, हत्तिणीची नक्कल करून दाखवतो, पाहुणे खूश होतात. त्या दिवशी त्यानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो मान वळवून ओढ्याकडं बघत होता.

दुपारी पाहुणे जेवून झोपले आणि मी वस्तीवर निघाले. वाटेत पाणवठ्यावर म्हातारा तिपापे भेटला. काठीवर रेललेला, गुरं पाणी पीत होती. चार दिवसांपूर्वी काळ्यानं याची कालवड खाल्ली होती. चांगली लालसर, पांढऱ्या पोटाची, पहिलटकरीण होणार होती. आमच्यात बकरी मेली तरी माणूस कॅम्पच्या दारात येऊन सात पिढ्या उद्धरतो. हा चार दिवस गप्प होता.

मी मान झुकवली. त्यानं डोक्यावर हात ठेवला. "कशी आहेस पोरी? पाहुणे आलेत म्हणे. बरं आहे, बरं आहे."

"कालवडीचं वाईट झालं, बाबा."

"जाऊ दे. सिंहालाही पोट दिलंय देवानं." आणि हसला.

तिपापे हसतो? या माणसानं स्वतःच्या लग्नातसुद्धा दात दाखवले नसतील. त्यानं आई काढली असती, माझ्या गाडीवर थुंकला असता, तर मी निर्धास्त झाले असते. म्हाताऱ्याच्या गोड बोलण्याला मी सापाइतकी भिते.

आईच्या घरापाशी पोचले तर दारात चारपाच बाया मणी ओवत बसल्या होत्या आणि हसत होत्या. मी दिसले आणि हसू बंद झालं. एकीला एकदम आपलं मूल आठवलं, दुसरीला शेण सारवायचं आठवलं. घटकेत अंगण रिकामं.

"ये," आई म्हणाली. "चहा घे."

बसायच्या आधीच चहा. ही बाई एरवी मला आधी अर्धा तास झापते, तू वाळलीस, तुझ्या पोरांना आजी आठवत नाही, मग चहा. मी वास घेतला.

आत अंधार होता. डोळे सरावले तसं दिसायला लागलं. भिंतीला पारमुआतचा भाला टेकवलेला. पातं राखेनं इतकं घासलेलं की अंधारातही चकाकत होतं. खाली वाटीत ताजा गेरू, मेंढीच्या चरबीत कालवलेला. आणि कोपऱ्यात नवं वासरू, त्याच्यापुढं गवताची छोटी पेंढी. मऊ, हिरवट. दुष्काळात आई कुठून कुठून एकेक मूठ वेचून आणते आणि वासरासाठी जपते. तिथून एक मूठ कुणाला द्यायची तर तिच्या हातूनच जाणार.

"पारमुआत आणि सिरोंका दूध प्यायला येत नाहीत हल्ली माझ्याकडं," मी म्हणाले.

"असतील कामात."

"रोज संध्याकाळी यायचे. माझ्या दारातनं जातात, दिसतात मला. पण आत येत नाहीत."

मोरान एकटा दूध पीत नाही. भुकेनं मेला तरी नाही. सोबतीला दुसरा मोरान हवाच. म्हणून ते दोघं जोडीनं यायचे, मी तुंबा पुढं करायची, एक घोट याचा, एक घोट त्याचा. माझ्या घरचं दूध धुरकट लागतं म्हणून सिरोंका नाव ठेवायचा आणि तुंब्याच्या तळापर्यंत प्यायचा.

"आई, घंटेत गवत तू कोंबलंस."

ती चूल फुंकायला लागली. चूल चांगली पेटलेली होती.

"सिंहाला जाणार आहेत. काळ्याला. हो ना?"

"मला काय माहीत? पोरं मला विचारून जातात का?"

"मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणून जग आंधळं होत नाही, आई. तो पकडला गेला तर तुरुंगात जाईल. वन्यप्राणी खात्याचे शिपाई आता काठी नाही, बेड्या घेऊन येतात. आणि पकडला नाही गेला तर? काळ्या काय मेंढरू आहे? शेवटच्या वेळी कुणाचं पोट फाटलं होतं, विसरलीस?"

आता ती वळली. माझी आई उंच आहे, बसलेली असली तरी माणसाला खाली बघितल्यासारखी बघते. "त्याला लोक काय म्हणतात माहितेय तुला? सिंहाचा गुराखी. तिपापेनं सगळ्या वस्तीसमोर विचारलं, तुझ्या सिंहानं माझी कालवड खाल्ली, आता त्याला पाणी पाजायला कधी नेतोस? तुझ्या बापाच्या डोक्यावर आयाळ होती, सिलांतोई. स्वतः मारलेल्या सिंहाची. मोरानपण संपायला आलं पोराचं, केस कापायची वेळ आली. त्याच्या डोक्यावर काय घालू मी? कॅम्पची टोपी?"

मला राग आला आणि रडूही आलं. कारण ती खोटं बोलत नव्हती. बाबा ती आयाळ घालून सणाला उभे राहिले की मीच सगळ्यांना ओरडून सांगायची, माझे बाबा. पण तेव्हाचे सिंह वेगळे आणि तेव्हाचा कायदाही वेगळा.

"कधी जाणार आहेत?"

"चहा निवतोय," आई म्हणाली. ती आणखी काही सांगणार नव्हती.

कॅम्पवर आले आणि गाडीत बसले. वायरलेस समोर होता. बटण दाबायचं आणि एक वाक्य बोलायचं, की शिपाई रात्रीतून ओढ्यावर बसले असते. काळ्या वाचला असता. आणि सकाळी माझा भाऊ, हातात भाला, केसांत गेरू, कायद्याला हवं ते सगळं जिथल्या तिथं घेऊन सापडलेला. मी हात पुढं केला आणि मागं घेतला. मग परत पुढं केला. शेवटी माझी मलाच चीड आली आणि मी दार आपटून उतरले. मनाशी म्हटलं, उद्या माझ्या शेजारच्या सीटवरून त्याला हलूच द्यायचं नाही. दिवसभर फिरवायचं, संध्याकाळी माझ्या घरी आणायचं. किती दिवस असं करणार होते कोण जाणे.

सकाळी तो आलाच नाही. आचारी म्हणाला, "पारमुआतला ताप आहे. निरोप आलाय."

"कुणी आणला निरोप?"

"सिरोंकानं."

"वाजत आला की मुका?"

आचारी विचारात पडला. "खरंच की. मला वाटलं, मीच बहिरा झालो."

मी पाहुण्यांना चहासुद्धा संपवू दिला नाही. सूर्य अजून बाभळींच्या मागं होता. आनेके पुढं येऊन पारमुआतच्या जागेवर बसली. तिनं काहीच विचारलं नाही, आणि हे मला नको होतं. न विचारणारी माणसं जास्त बघतात.

ओढ्याजवळच्या माळावर इंपाला हरणांचे दोन कळप उभे होते. चरत नव्हते. चरायला होतंच काय म्हणा. पण प्रत्येक कळपाची तोंडं एकाच दिशेला, कान ताठ, आणि मधूनच एखादा नर नाकातून फुरफुरायचा. सिंह बघून ते असे उभे राहतात. पण हे दोन्ही कळप दोन वेगळ्या जागांकडं बघत होते. एक ओढ्याकडं, दुसरा ओढ्याच्या अलीकडच्या झुडपांकडं. ओढ्यात काळ्या होता. मग झुडपांत कोण होतं?

मी गाडी झुडपांच्या मागून घातली आणि ते दिसले. सातआठ जण. लाल शुके कमरेला गुंडाळलेले, भाले खाली धरलेले, अर्धवर्तुळ करून पुढं सरकत होते. पाऊल टाकत होते आणि एकही घंटा वाजत नव्हती. इतके मोरान एकत्र आणि इतकी शांतता, मी जन्मात बघितली नव्हती. मधोमध माझा भाऊ होता. त्याच्यापुढं, वाळलेल्या ओढ्याच्या काठावर, काळ्या उभा होता. शेपटीचा गोंडा दाणदाण आपटत होता. तो पळत नव्हता. त्याच्या मागं उभी दरड होती, पुढं ही माणसं. त्याला जायला जागाच ठेवली नव्हती त्यांनी.

"गाडीतनं कुणीही उतरायचं नाही," मी पाहुण्यांना म्हणाले आणि उतरले.

मागून आनेकेचा नवरा काहीतरी ओरडत होता. मला ऐकू येत नव्हतं. आमच्या आणि सिंहाच्या मधली जमीन टकलासारखी, एक काडी नाही तिच्यावर. मी चालत राहिले. पळायचं नाही हे पायांना सांगावं लागत होतं. सिरोंकानं मला आधी बघितलं.

"परत जा," तो दातांमधून म्हणाला. "हे बायांचं काम नाही."

"तुझ्या तोंडाला अजून माझ्या दुधाचा वास येतोय, सिरोंका. गप उभा राहा."

पारमुआतनं मान वळवली नाही. सिंहावरची नजर हलवायची नसते. फक्त म्हणाला, "ताई, जा. मला पहिला भाला टाकू दे. मग काय करायचं ते कर. शिपायांना बोलाव. मी पळणार नाही."

आवाज इतका शांत होता की मला हंबरडा फोडावासा वाटला. तो मरायलाही तयार होता आणि तुरुंगालाही. सिंहाचा गुराखी म्हणवून घ्यायला तेवढा तयार नव्हता.

मला काय सुचलं, तर तो लहान होता तेव्हाचं. त्याच्या हातून शेळ्या हरवल्या होत्या आणि बाबांनी काठी उगारली होती. मी कोपऱ्यातून धावत गेले, जमिनीवरचं गवत उपटलं आणि त्याच्या मुठीत कोंबलं. त्यानं मूठ वर केली आणि बाबांची काठी हवेत थांबली. गवत हातात धरून समोर उभ्या राहिलेल्यावर मासाई हात उचलत नाही. गवतावर गाय जगते आणि गाईवर आम्ही. ते हातात असताना कुणी मारलंच, तर त्याच्या गोठ्याला पुढं काय लागेल हे कुणी बोलूनसुद्धा दाखवत नाही.

पण त्या दिवशी जमिनीवर गवत होतं कुठं?

मी त्याच्या अगदी जवळ गेले, खाली बसले आणि त्याच्या मांडीवरच्या घंटेत बोटं घातली. आईनं दाबून भरलं होतं. निघता निघत नव्हतं. एका नखातून रक्त आलं. मग एकदम सगळा बोळा हातात आला आणि घंटा वाजली. काळ्यानं कान टवकारले आणि पोट जमिनीला लावलं. झेप घ्यायच्या आधी सिंह असाच बसतो, हे मी कित्येक पाहुण्यांना गाडीत बसून सांगितलंय.

मी उठले आणि भावाच्या पुढं, भाल्याच्या पुढं, सिंहाकडं पाठ करून उभी राहिले. मूठ वर केली.

"हे बघ काय आहे हातात," मी म्हणाले. "आईच्या वासराच्या तोंडचं आहे. टाक आता भाला."

त्याचं तोंड मला पहिल्यांदा समोरून दिसलं. गेरूखाली पांढरं पडलं होतं. हनुवटी थरथरत होती, अगदी शेळ्या हरवल्या होत्या तेव्हासारखी. भाल्याचं टोक माझ्या खांद्यावरून वर गेलेलं होतं. मागं काळ्या गुरगुरत होता, तो आवाज मला पाठीच्या मणक्यांत ऐकू येत होता. मी खूप घाबरले होते. हे मी लपवत नाही.

मग भाला खाली आला.

पहिला त्याचा आला. मग एकेक करून बाकीच्यांचे. सिरोंकाचा सगळ्यात शेवटी. तो जमिनीवर थुंकला आणि बाजूला झाला, तशी अर्धवर्तुळात फट पडली. काळ्यानं ती लगेच बघितली. तो आमच्यापासून गाडीच्या लांबीइतक्या अंतरावरून गेला, धावत नाही, भरभर चालत, आणि माळावर पोचल्यावर मागं वळून बघितलं. इंपाला पांगले. मोरानही पांगले. कुणी माझ्याशी बोललं नाही. पारमुआत सगळ्यांच्या मागून गेला आणि त्याची एकट्याची घंटा वाजत होती.

गाडीत आनेके तशीच बसलेली होती. कॅमेरा तिच्या मांडीवर, झाकण लावलेलं.

"ती मुलं कोण होती?" तिनं विचारलं.

"गुरं शोधत होती," मी म्हणाले. "गुरं हरवलीत त्यांची."

तिनं माझ्या हातातल्या गवताकडं बघितलं, मग माझ्या नखाकडं. "सापडली का?"

"सापडतील."

तिनं खिशातला रुमाल काढून माझ्या बोटाला बांधला. कॅम्पवर तिनं कुणालाही काही सांगितलं नाही, आणि नवऱ्यालाही सांगू दिलं नाही. त्या बाईवर मी उगाच संशय घेतला होता.

संध्याकाळी मी आईकडं गेले. गवत परत न्यायचं होतं. वासरापुढं टाकलं आणि म्हणाले, "आयुष्यभर बोलू नकोस माझ्याशी, चालेल. तुझा मुलगा घरी आलाय. आणि सिंहाला ऐकू जाऊ नये म्हणून तू कोंबलेलं मी उपसलं, त्याचाही राग धर."

आई चुलीपाशी होती.

"सिंहासाठी?" ती म्हणाली. "काळ्याला ही पोरं लहानपणापासून माहितेत. भरल्या पोटी तो घंटेला कुठला हलतोय. तुझ्या बापाच्या वेळी आम्ही गवत कोंबायचो ते दुसऱ्या वस्तीच्या मोरानांना सुगावा लागू नये म्हणून. त्यांनी येऊन आपला सिंह पळवू नये म्हणून."

"मग आता कुणासाठी?"

"तुझ्यासाठी," आई म्हणाली. "ओढ्याची वाट तुझ्या दारावरनं जाते ना."

मी तिथंच बसले. दोन दिवस मी वासावर होते, याचं गवत, त्याचं हसू, हिचा चहा, आणि सगळी वस्ती माझ्याच कानांपासून लपत होती. मला दुसऱ्या वस्तीची करून टाकली होती त्यांनी. कधीपासून, कुणास ठाऊक. आईनं ते रागानं म्हटलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी दारात बसून ऐकायची. माळावरून परतणाऱ्या मोरानांच्या घंटा लांबून येतात, छान वाजत. माझ्या घराच्या वळणापाशी आल्या की एकेक करून बंद होतात. हातानं धरतात मांडीवर. घर मागं पडलं की परत सुरू. किलेसी म्हणायचा, आत ये, डास चावतात. मी म्हणायची, येते.

पारमुआत कामावर यायचा बंद झाला होता. तो आईकडं राहतो, गुरं राखतो, एवढं कळत होतं. सिरोंका आणि बाकीचे त्याला मांस खायला रानात बरोबर नेत नाहीत, हेही कळलं. बहिणीनं गवत दाखवलं आणि याचा भाला वाकला, असं गाणं पोरींनी रचलं होतं.

आणि मग एका संध्याकाळी घंटा वळणापाशी बंद झाली नाही. एकच होती. वाजत वाजत कुंपणापर्यंत आली, कुंपणातून आत आली. तो दारात उभा राहिला, भाला जमिनीत रोवला आणि उंबऱ्याशी बसला. तब्येत उतरली होती. ओठ फुटले होते.

"भूक लागलीय," तो म्हणाला.

मी धावत आत गेले. सकाळचं दूध होतं, धुरकटलेल्या तुंब्यात. हलवलं, आणलं, त्याच्यापुढं धरलं. त्यानं दोन्ही हातांनी तुंबा घेतला आणि वाटेकडं बघितलं. मीही बघितलं. वाटेवर कुणी नव्हतं.

त्याच्याबरोबर कुणी आलं नव्हतं.

"सिरोंका?" मी उगाच विचारलं.

त्यानं मान हलवली. तुंबा त्यानं आमच्या दोघांच्या मधे जमिनीवर ठेवला, सांडू नये म्हणून दगडाला टेकवून, जपून. मग म्हणाला, "थोडा वेळ बसतो, ताई. येईल कुणीतरी."

आम्ही बसून राहिलो. दुधावर साय धरली.